संशय कोणाचा, खात्री कोणाची?

काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात झाला, असे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगितले आहे. ते वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. आता या जिल्ह्यातून साहित्याचा एकच शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे 'शोकांतिका'. शेतकऱ्याने आत्महत्या केली की वर्तमानपत्रे तो छापतात आणि सत्ताधारी उच्चारतात. दैवाचा घाला, असा त्यांचा अर्थ असतो. दैवावर कोणी जाब विचारत नाही, ही त्यातील सोय.

समीक्षकांची समजूत याहून वेगळी, पण तितकीच भ्रामक आहे. संशयाने नायकाचा नाश होतो, असे ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आले. गोविंद बल्लाळ देवलांची दोन नाटके शेजारी ठेवली तरी हे मत टिकत नाही. १८९० सालचे 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चे रूपांतर. 'संशयकल्लोळ' संगीत रूपात १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. विषय एकच, पत्नीविषयी पतीचा संशय. मग एक रडवते आणि दुसरे हसवते, ते का? फाल्गुनराव तसबिरीवरून संशय घेतो, पाळत ठेवतो, आदळआपट करतो, पुन्हा विचारतो. आणि जोवर तो विचारतो आहे तोवर कृत्तिकेच्या जिवाला धोका नाही. (तिच्या मनस्तापावर हा विनोद पोसला आहे, हे मात्र खरे.) झुंझाररावाचा संशय संपतो. जाधवरावाचा पुरावा त्याला पुरेसा वाटतो, तो स्वतःच न्यायाधीश होतो आणि कमळजा मारली जाते. मारेकरी संशय नव्हे. संशयाचा अंत करणारी खात्री होय.

हॅम्लेटचे उदाहरण विरोधी पक्षाचे म्हणून दिले जाते. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात ज्याचा अनुवाद केला, तेच हे नाटक; तो १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाला. परंतु हॅम्लेट विचार करीत असतो तोपर्यंत कोणालाही मारीत नाही. पडद्याआड राजाच असणार, असे धरून तो तलवार चालवतो तेव्हा निघतो म्हातारा पोलोनियस.

वाशीमची 'शोकांतिका' या कसोटीवर तपासली पाहिजे. २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपये साहाय्य ठरले. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. नापिकी होती का, कर्ज बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे होते का, ते थकले होते का, तगादा लागला होता का? येथवर संशय आहे आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तो रास्तही आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याचे देणे पुष्कळदा खत-बियाण्याच्या दुकानात, सोयऱ्याकडे किंवा परवाना नसलेल्या सावकाराकडे असते. त्याचा कागद नसतो. 'कागद नाही' या वाक्याचे 'कर्ज नव्हते' असे रूपांतर होते, तेथे संशय मरतो आणि खात्री जन्मते. जाधवरावाला निदान रुमाल तरी मिळवावा लागला होता. येथे पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरतो.

आणि ही शंकेखोर नोकरशाही स्वतःच्या उपायांविषयी मात्र निःशंक असते. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. वाशीम त्यांत होते. आत्महत्या थांबल्या नाहीत. तरी सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली का जातो, सिंचन का पोहोचत नाही, हे प्रश्न पात्रतेच्या तपासणीत येतच नाहीत. तपासणी होते ती मृताची.

फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे आरोपी नसलेल्या विधवेला तोही मिळू नये, हे कोणत्या न्यायात बसते? समितीने 'अपात्र' असा शेरा मारण्यापूर्वी कारणे लेखी द्यावीत, त्या बाईला समोर बोलावून ऐकावे, आणि बँकेच्या दाखल्याबरोबर गावातील कृषी सेवा केंद्राची उधारीची वहीही मागवावी.