गाडी डेंटिंगला देताना न बिघडलेला रंग सांभाळा

रिक्षा घासून गेली, मागच्या दाराला पोचा पडला, गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची वेळ आली, की आपलं सगळं लक्ष त्या एका दारावर असतं. पोचा निघेल का, रंग जुळेल का, विमा किती देईल. माझी विनंती आहे, की ज्या भागाला काहीच झालेलं नाही, त्याची काळजी आधी करा. तिथे कारखान्याचा मूळ रंग आहे आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही.

कारखान्यात नुसती बॉडी रंगवतात. तिच्यात सीट, वायरिंग काही नसतं, म्हणून ती सुमारे १४० अंशांपर्यंत भाजता येते. गॅरेजच्या बूथमध्ये अख्खी गाडी उभी असते, तिथे ६० ते ८० अंशांच्या पुढे जाता येत नाही. मूळ रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे एखाद्या जाडसर कागदाएवढे. त्यातला वरचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच, आणि ऊनही तोच सोसतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कोरड्या फडक्यानं. पोच्यात भरलेली लांबी (पुट्टी) घासली, की तिची भुकटी बॉनेटवर, टपावर, शेजारच्या दारांवर बसते. त्या भुकटीत पॉलिश पेपरचे कणही असतात. घाईत असलेला मुलगा ती हाताला लागेल त्या फडक्यानं पुसून टाकतो आणि साऱ्या गाडीवर बारीक गोल ओरखडे उठतात. ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत, उन्हात दिसतात; काळ्या गाडीवर तर फारच. भुकटी हवेनं उडवावी आणि मग भरपूर पाण्यानं धुवावी, एवढंच आपलं सांगणं असायला हवं. कारागिराला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. जागा अपुरी, गाड्यांची गर्दी आणि प्रत्येकाला गाडी उद्याच हवी असते.

दुसरा धोका ग्राइंडरच्या ठिणग्यांचा. तापलेले लोखंडी कण शेजारच्या रंगात आणि काचेत रुततात. पाऊस लागला की तिथे तपकिरी ठिपके उमटतात. काम तुमच्या गाडीचं नसलं, ती नुसती बाजूला उभी असली, तरी हे होतं. त्यामुळे आच्छादन मागा, आणि ते फक्त कामाच्या पॅनेलभोवती नको, पूर्ण गाडीवर हवं. रंगाच्या फवाऱ्याचे उडालेले तुषारही त्यानं अडतात.

गाडी देण्याआधी ती धुऊन घ्या आणि दिवसाउजेडी टपासकट प्रत्येक पॅनेलचे फोटो काढा. जॉबकार्डवर लिहून घ्या: कोरडं पुसायचं नाही, न विचारता रबिंग-पॉलिश करायचं नाही. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावरची संरक्षक फिल्म) असेल तर तेही सांगा. रबिंगचं मशीन ओरखडे घालवतं ते क्लिअर कोट झिजवून, म्हणून ‘फ्री पॉलिश करून देतो’ याला लगेच हो म्हणू नका. आणि पोचा लहान असेल, रंग फुटला नसेल, तर आतून दाबून तो काढणारे कारागीर शोधा. तिथे रंगकामाची गरजच नसते.

विम्याचं काम असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. गॅरेजमध्ये नव्यानं पडलेला ओरखडा त्या अपघाताच्या दाव्यात बसत नाही. तो गॅरेजकडूनच नीट करून घ्यावा लागतो, आणि तिथे तुमचे फोटोच कामाला येतात.

डिलिव्हरी संध्याकाळी घेऊ नका. गाडी धुतलेली हवी आणि उन्हात उभी हवी. नवा रंग समोरून आणि तिरक्या नजरेनं पाहा. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगातला फरक तिरकं पाहिल्यावर कळतो. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून काचेवरून आणि शेजारच्या पॅनेलवरून हळूच हात फिरवा. खरखर लागली, तर तुषार बसले आहेत. ते क्ले बारनं काढून मागा. नव्या रंगावर निदान महिनाभर मेण किंवा कोटिंग लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट उडून जाऊ द्या. आणि हे सगळं तपासून झाल्याशिवाय ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही करू नका.