माळ चित्राबाहेरच राहिला

सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश चित्रकारांनी शिकार केलेले पक्षी जीव ओतून रंगवले. फ्रान्स स्नायडर्सच्या मेजांवर मोर आणि हंस पसरलेले असतात. यान वेनिक्सच्या चित्रांत ससे नि तितर पडलेले, मागे श्रीमंती बाग आणि कोरीव कलश. हॉलंडमध्ये शिकारीचा हक्क मुख्यतः उमरावांचा. धनिक व्यापाऱ्यांनी तो मान चित्रे विकत घेऊन आपल्या भिंतींवर आणला. त्या चित्रांत पिसन् पीस मोजून घ्यावे. पक्षी जिथे वाढला, ते रान मात्र शोधून सापडत नाही.

नगर जिल्ह्याच्या वाट्याला तसे चित्रही आले नाही, आला तो एक आकडा. रॉबर्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात या जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षे, जवळजवळ दर आठवड्याला एक! माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असतील.

बंदूक १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. १९७९ मध्ये सोलापूर-नगरचे माळढोक अभयारण्य झाले. कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे तालुके त्यात होते. ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुढे १,२२२ वर आले. गावेच्या गावे, पिकती शेते आत ओढणारी ती पहिली आखणी चुकीचीच होती, हे मान्य. पण उरलेल्या माळाचे आपण काय करतो? पवन्या, मारवेल, कुसळी यांनी भरलेला, नाकतोड्यांनी बुजबुजलेला, धनगरांच्या मेंढ्या पोसणारा हा माळ सरकारदरबारी ‘पडीक’ ठरतो. मग तिथे खड्डे घेऊन गिरिपुष्प नि सुबाभूळ लावतात आणि त्याला हिरवाई म्हणतात. चौफेर नजर पोहोचेल अशी मोकळी जमीन ज्याला लागते, त्या पक्ष्याला ही झाडी हुसकावून लावते.

माळढोकाचे चित्र फलकांवर, भित्तिपत्रकांवर दिसते; त्याचा माळ तिथेही नाही. कर्जत-श्रीगोंद्याच्या गवताळ माळांवरचा ‘पडीक’ हा शिक्का महसूल खात्याने काढावा, आणि वनखात्याने येत्या पावसाळ्यातल्या वृक्षलागवडीतून हे माळ वगळावेत. रेहेकुरी अभयारण्यातल्या काळविटांनाही हेच गवत लागते.