पासामागची मालकी

पॅरिसहून झुरिक, झुरिकहून व्हिएन्ना, तेथून बुडापेस्ट. एकाच पासावर गाड्या बदलीत युरोप पाहून आलेले आपल्याकडील सुखवस्तू दांपत्य मायदेशी परतताच खाजगी उद्योगाच्या शिस्तीचे गोडवे गाऊ लागते. मग ते बसले होते तरी कोणाच्या गाडीत? स्विस जनतेने १८९८ साली सार्वमताने रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाचा कौल दिला. फ्रान्सने १९३८ साली खाजगी कंपन्या मोडून राष्ट्रीय रेल्वे उभारली. ऑस्ट्रियाची रेल्वे आजही सरकारी मालकीची आहे. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठीचा युरेल पास १९५९ साली निघाला, तोही अशाच राष्ट्रीय रेल्वेंच्या सहकार्यातून. उलट १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे कंपन्यांना वाटणाऱ्या ब्रिटनला २०२४ साली प्रवासी गाड्या सार्वजनिक मालकीत परत आणण्याचा कायदा करावा लागला!

अर्थात केवळ मालकी पुरत नाही. जर्मनीची रेल्वे सरकारीच. पण हिशेब दुकानदारीचा. तोट्याचे कारण सांगून तिने २०१६ अखेर आपल्या शयनयान गाड्या बंद केल्या. त्यांतील कित्येक मार्ग ऑस्ट्रियाच्या रेल्वेने चालवावयास घेतले. आंतरराष्ट्रीय विमानांचे इंधन मात्र तेव्हाही करमुक्त होते आणि आजही आहे.