विश्लेषण : ‘नेव्ही रम’ची पारख कशी होते? जीभ काय ओळखते आणि काय ओळखू शकत नाही?

गडद रंग, लेबलावर जहाज किंवा नांगर आणि सोबत ‘नेव्ही’ हा शब्द. अशी बाटली दिसली की आतली रम जुनी, कडक आणि अस्सल असणार, असे गृहीत धरले जाते. भुसावळ परिसरात ‘मिलिटरीची रम’ या शब्दांनाही असेच वजन आहे. राज्यात मद्यावरील करवाढीनंतर स्वस्त बाटलीचा शोध वाढण्याची शक्यता असताना, रमची गुणवत्ता नेमकी कशी ठरते आणि चवीच्या भरवशावर किती राहावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

‘नेव्ही रम’ म्हणजे नेमके काय?

ब्रिटिशांनी 1655 मध्ये जमैका जिंकले. त्यानंतर त्यांच्या नौदलात खलाशांना रम देण्याची प्रथा रुजली. रोजचा वाटा अर्धा पाइंट, म्हणजे पाव लिटरहून अधिक होता. खलाशी झिंगू लागल्याने अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी 1740 मध्ये एक भाग रममध्ये चार भाग पाणी मिसळून वाटण्याचा हुकूम काढला. या मिश्रणाला ‘ग्रॉग’ म्हणत. पुढे वाटा कमी होत गेला आणि 31 जुलै 1970 रोजी ही प्रथाच बंद झाली.

ही रम एका भट्टीची नसे. गयानातील डेमरारा भागातली जड, काकवीसारखी रम, त्रिनिदादची हलकी रम आणि इतर बेटांवरचा थोडा माल मोठ्या पिंपांत एकत्र केला जाई. एकाचा जडपणा आणि दुसऱ्याचा हलकेपणा यांचा मेळ घालणे हेच मिश्रण करणाऱ्याचे कसब. आज मात्र लेबलावरच्या ‘नेव्ही’ या शब्दाला जगभर मान्य असलेली कायदेशीर व्याख्या नाही. त्या शब्दावरून शैलीचा अंदाज येतो, दर्जाची हमी मिळत नाही.

‘प्रूफ’ आणि ‘25 यूपी’चा अर्थ काय?

मराठीत पिण्याची दारू आणि बंदुकीची दारू यांना एकच शब्द आहे. प्रूफच्या कथेत या दोन्ही एकत्र येतात. रमने भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर रम पुरेशी कडक, न पेटल्यास तिच्यात पाणी जास्त, अशी जुनी चाचणी सांगितली जाते. शेजारच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात, त्यामुळे दारू भिजली की काय होते हे इथे वेगळे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कायद्याने साइक्सचा हायड्रोमीटर स्वीकारला आणि पेटवून पाहण्याऐवजी घनता मोजली जाऊ लागली.

ब्रिटिश पद्धतीत 100 प्रूफ म्हणजे साधारण 57.15 टक्के अल्कोहोल. नौदलात दिली जाणारी रम याहून किंचित खाली, 54.5 टक्क्यांच्या आसपास होती. भारतीय बाटलीवर दिसणाऱ्या ‘25 यूपी’चा उत्तर प्रदेशाशी संबंध नाही. ‘अंडर प्रूफ’, म्हणजे प्रूफपेक्षा 25 अंश खाली, असा त्याचा अर्थ. म्हणून टक्केवारी 42.8 येते. तीन भाग ‘प्रूफ’ रममध्ये एक भाग पाणी मिसळले, तर जवळपास हीच तीव्रता मिळते.

भारतीय डार्क रम वेगळी का लागते?

रमचा कच्चा माल म्हणजे उसाचा रस किंवा साखर कारखान्यातून निघणारी मळी. जमैकात मळी अनेक दिवस आंबवून तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करण्याची परंपरा आहे. या प्रक्रियेत ‘एस्टर’ नावाची सुवासिक द्रव्ये भरपूर तयार होतात. त्यांतल्या एकाचा वास थेट पिकलेल्या केळीसारखा असतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वखारीतल्या जास्त पिकलेल्या घडाचा दरवळ ज्याला ठाऊक आहे, त्याला जमैकन रमचा वास ओळखणे अवघड जाणार नाही.

भारतात बहुतांश रम उंच स्तंभांच्या भट्टीतून निघालेल्या, जवळजवळ गंधहीन मद्यार्कापासून तयार होते. त्यात मुरवलेली रम, कॅरॅमलचा रंग आणि स्वाद कमी-अधिक प्रमाणात मिसळतात. ही फसवणूक नसून एक प्रचलित पद्धत आहे. 1954 मध्ये बाजारात आलेल्या ‘ओल्ड माँक’मुळे गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची गडद रम हीच भारतीयांच्या मनातली रमची ओळख बनली. त्यामुळे जड, डांबरासारखा किंवा तिखट फळांचा वास असलेली नेव्ही शैलीची रम पहिल्यांदा ‘बिघडलेली’ वाटू शकते.

परीक्षक पारख कशी करतात?

स्पर्धांमध्ये लेबल झाकून चव घेतली जाते, कारण नाव आणि किंमत दिसली की मत आधीच तयार होते. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या ग्लासात थोडीशी रम घेतात. बर्फ नाही, कोला नाही. आधी वास, तोही ग्लास नाकापासून थोडा दूर धरून. काकवी, जळका गूळ, खजूर, चिंच, लवंग, जुने लाकूड यांपैकी काय जाणवते, ते नोंदवले जाते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास सौम्य असेल तर चालतो. तोच सगळ्यांवर मात करत असेल तर तो दोष मानतात.

मग एक छोटा घोट, तो तोंडात फिरवायचा आणि बहुतेक वेळा थुंकून टाकायचा. त्यानंतर पाणी. 42.8 टक्क्यांच्या 30 मिलिलिटर रममध्ये सुमारे 13 मिलिलिटर पाणी घातले की तीव्रता 30 टक्क्यांवर येते. चांगल्या मिश्रणात यानंतर नवे वास उलगडतात. केवळ रंग आणि स्वादावर उभी असलेली रम पाणी घालताच पातळ आणि एकसुरी होते. शेवटी रिकामा ग्लास काही तासांनी पुन्हा हुंगतात. लाकूड आणि मसाल्याचा वास मागे राहिला तर रम मुरलेली असण्याची शक्यता अधिक.

रंग, वय आणि गोडवा कुठे फसवतात?

गडद रंग म्हणजे जुनी रम, हा सर्वांत मोठा गैरसमज. कॅरॅमलने एका दिवसाच्या मद्यालाही काळपट रंग देता येतो. ‘एक्सएक्सएक्स’ हेही वयाचे मोजमाप नाही. वर्षांचा आकडाही हवामानाशी ताडून पाहावा लागतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. भारतातल्या उन्हाळ्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते आणि लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. त्यामुळे उष्ण प्रदेशातली पाच वर्षे आणि थंड प्रदेशातली पाच वर्षे एकसारखी नसतात.

गोडव्याचेही तसेच. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही, त्यामुळे भट्टीतून निघालेल्या रममध्ये ती नसते. चव गुळचट असेल तर गोडवा बहुधा नंतर मिसळलेला असतो. युरोपीय संघाने 2021 पासून रममधील अशा गोडव्यावर लिटरमागे 20 ग्रॅमची मर्यादा लागू केली आहे.

राज्याच्या करधोरणाचा रमशी काय संबंध?

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट करण्याचा निर्णय घेतला. लिटरमागे 260 रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य जाहीर केलेल्या मद्यासाठी हा दर आहे. त्याच वेळी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा, स्वस्त गट आणला. 180 मिलिलिटरसाठी या गटाची किमान किंमत 148 रुपये, तर भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची 205 रुपये ठरली. मात्र हा नवा गट धान्याधारित मद्यासाठी आहे. रम उसापासून होते. त्यामुळे रम पिणाऱ्याला या सवलतीच्या गटात जागा नाही आणि स्वस्त रमची किंमत वरच्या पायरीवर गेली.

भुसावळसाठी हा प्रश्न गंभीर का?

एका बाजूला रावेर ओलांडले की मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला नवापूरपलीकडे दारूबंदी असलेला गुजरात. मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि भुसावळचे मोठे रेल्वे जंक्शन. दोन राज्यांच्या दरांत आणि नियमांत फरक असला की अशा पट्ट्यात चोरट्या वाहतुकीला वाव मिळतो. त्यातच ‘कँटीनची रम आहे, ओळखीतून आणली’ असे सांगून बाटल्या विकल्या जातात. संरक्षण दलांच्या कँटीनमधील मद्य सवलतीत आणि केवळ पात्र व्यक्तींसाठी असते. त्याची बाहेर विक्री बेकायदा आहेच, शिवाय त्या बाटलीत मूळ रमच आहे याची कोणतीही खात्री नसते.

इथे जिभेची मर्यादा जिवावर बेतते. विषारी मिथेनॉलचा वास आणि चव पिण्याच्या अल्कोहोलसारखीच असते. कितीही तयार परीक्षक असला तरी तो चवीवरून ते ओळखू शकत नाही. पेटवून ज्योतीचा रंग पाहण्याची घरगुती युक्तीही बिनभरवशाची आहे. साधारण 10 मिलिलिटर मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते आणि लक्षणे बरेचदा 12 ते 24 तासांनी दिसतात. मुंबईत मालवणी येथे जून 2015 मध्ये अशाच दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

ग्राहकाने काय पाहावे?

परवानाधारक दुकान, बिल, न उघडलेले सील, बॅच क्रमांक आणि टक्केवारी या गोष्टी चवीच्या आधी येतात. बाटली उघडी, लेबल सैल किंवा किंमत अविश्वसनीय वाटल्यास ती घेऊ नये. संशयास्पद मद्य पोटात गेल्यावर धूसर दिसणे, उलट्या किंवा श्वास जड होणे जाणवले, तर उतरण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. राज्यात रमसारखे मद्य पिण्यासाठी वयाची अट 25 वर्षे असून परवाना आवश्यक आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. चवीची पारख ही दोन अस्सल रमपैकी कोणती सरस, हे ठरवण्यासाठी उपयोगी पडते. बाटली अस्सल आहे की नाही, हे प्रयोगशाळा आणि वैध खरेदी यांवरच ठरते.