दोष तबकडीचा कीं जोडणीचा?

आमचे थोरले बंधु निवर्तल्यापासून त्यांच्या तबकड्यांचा खोका माळ्यावर पडून होता. यंदाच्या पाडव्यास चिरंजीव पुतण्यानें नवें टर्नटेबल आणिलें, बंधूंच्याच जुन्या अँप्लिफायरला तें जोडिलें, आणि वहिनींना समोर खुर्चीवर बसवून पहिली तबकडी लाविली ती द. वि. पलुसकरांची. निवड योग्यच होती. पंडित विष्णु दिगंबरांचे हे चिरंजीव १९२१ सालीं आमच्या नाशकांतच जन्मले व १९५५ सालीं, अवघे चौतीस वर्षांचे असतां, वारले. त्यांचें गाणें ऐकावयाचें तर ध्वनिमुद्रिकेवांचून गति नाहीं.

परंतु सुई टेकली मात्र, आणि जो आवाज निघाला तो कोणा दमेकऱ्याचा वाटावा! स्वर फाटलेला, वरच्या षड्जावर कर्कश खरखर, आणि डग्गा तर रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा घुमूं लागला. वहिनी कांहीं न बोलतां उठून आंत गेल्या. दिवेलागणीच्या सुमारास आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, माळ्यावरच्या उन्हानें तबकड्या गेल्या. मीच हयगय केली. आतां कोणास तरी देऊन टाका.” पुतण्याचें मत निराळें. यंत्रच निकृष्ट, तें दुकानदारास परत करावें, असें तो म्हणूं लागला. दोघांनींही निकाल आधीं दिला, साक्षीपुरावा नंतर!

आम्हांस विजेच्या यंत्रांतलें फारसें कळत नाहीं. पण जन्मभर मुलांस संस्कृत शिकविल्यामुळें अन्वय-व्यतिरेकाची संवय जडलेली आहे. एक वस्तु असतां दोष दिसतो काय, आणि ती काढून घेतली असतां दोष जातो काय, एवढेंच पाहावयाचें. प्रथम त्याच अँप्लिफायरवर रेडिओ लाविला. आवाज स्वच्छ. म्हणजे स्पीकर निर्दोष, आणि अँप्लिफायरचा बहुतेक भागहि निर्दोष. नंतर शेजाऱ्यांकडून एक अगदीं नवी तबकडी मागून आणिली. तीहि तशीच फाटली! तेव्हां वहिनींच्या माथ्यावरचा आरोप त्याच रात्रीं खोटा ठरला. आम्हीं तसें त्यांस सांगितलेंहि. पण त्यांचा विश्वास बसला नाहीं.

राहिली जोडणी. येथें थोडें विवेचन केल्यावांचून उलगडा होणार नाहीं. हल्लींच्या चुंबकी कार्ट्रिजमधून निघणारा विजेचा दाब फार तर चारपांच मिलिव्होल्ट असतो. रेडिओसारख्या साधनांचा कित्येक शेंकडे मिलिव्होल्ट. म्हणून अँप्लिफायरच्या पाठीमागें ‘फोनो’ म्हणून जें वेगळें सॉकेट असतें, तें आलेल्या ध्वनीस प्रथम सुमारें शंभरपट करून मग पुढें धाडतें. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात व तारस्वर उचलतात. नाहींतर खर्जाची खांच फार रुंद होऊन तबकडीवर गाणें मावणार नाहीं, आणि बारीक स्वर तबकडीच्या खसखशींत बुडतील. किती दाबावें व किती उचलावें याचें जें प्रमाण १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायानें ठरविलें, तेंच पुढें जगभर रूढ झालें. तें उलट फिरवून स्वर पूर्ववत् करणें हेंहि त्या फोनो सॉकेटचेंच काम.

आतां पुष्कळ नव्या टर्नटेबलांत ही सर्व सोय आंतच केलेली असते, व पाठीमागें ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा एक लहानसा खटका असतो. आमच्या पुतण्यानें खटका ‘लाइन’वर ठेवून तार मात्र फोनो सॉकेटांत खुपसली होती. शंभरपट झालेला ध्वनि पुन्हा शंभरपट करूं गेल्यास अँप्लिफायरला तो पेलवत नाहीं. लाटांचे माथे छाटले जातात आणि स्वर फाटतो. खर्जहि दोनदां उचलला गेला, म्हणून डग्ग्याचें पिंप झालें. खटका ‘फोनो’वर ओढतांच खरखर नाहींशी झाली. (खटका ‘फोनो’वर आणि तार ‘ऑक्स’मध्यें, अशी उलट चूक झाली असती, तर आवाज क्षीण व किरटा आला असता.)

“काका, आतां झालें कीं!” पुतण्या म्हणाला. वहिनी पुन्हा येऊन बसल्या, पांच मिनिटें ऐकलें, आणि म्हणाल्या, “गाणें तेंच आहे, पण बुवा समोर बसलेले नाहींत.” बाईंचा कान खरा! आवाज मध्यभागीं न येतां दोन्ही भिंतींना चिकटल्यासारखा वाटत होता, आणि डग्ग्याला आतां मुळींच वजन नव्हतें. आम्हीं अँप्लिफायरचें ‘मोनो’ बटण दाबून पाहिलें. पलुसकर जवळजवळ नाहींसेच झाले. उरली ती धूळ व चरे यांची कुरकुर.

हा चमत्कार नव्हे. दुपदरी म्हणजे स्टीरिओ तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५८ च्या सुमारास. पलुसकरांचें सर्व मुद्रण त्यापूर्वींचें, एकपदरी. अशा तबकडीवर गाणें असतें तें सुईच्या केवळ आडव्या हालचालींत, आणि डाव्याउजव्या दोन्ही बाजूंस तें सारखेंच मिळतें. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या, कीं एक स्पीकर पुढें ढकलतो तेव्हां दुसरा मागें ओढतो. दोन्ही एकत्र केल्यास धन आणि ऋण मिळून शून्य! धुळीनें सुई खालींवर उडते, तेवढा आवाज मात्र शिल्लक राहतो.

तेव्हां पुतण्यानें कबूल केलें, कीं मूळचें कार्ट्रिज काढून त्यानें स्वतः दुसरें बसविलें होतें. केसासारख्या चार तारा असतात: पांढरी डावीची, निळी तिच्या परतीची, तांबडी उजवीची, हिरवी तिच्या परतीची. त्यानें पांढरी व निळी यांची अदलाबदल केली होती. दोन्ही यंत्रें बंद करून, बारीक चिमट्यानें टोंकाची पितळी टोपी धरून (तार ओढूं नये, आणि तेथें डाग तर कदापि देऊं नये, उष्णतेनें कार्ट्रिज मरतें) त्या पालटल्या. मग सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर लिहिल्याप्रमाणें, म्हणजे दोन ग्रॅमांच्या आसपास, पुन्हा जुळविला. ज्यांच्या घरीं एकसारखा गुंजारव येत असेल त्यांनीं टर्नटेबलाची ती सुटी, बहुधा काळी, जमिनीची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला लाविली आहे कीं नाहीं तें पाहावें.

वहिनींनीं त्या संध्याकाळीं तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकल्या. दुसरे दिवशीं खोका खालीं आला व तबकड्या मधल्या खोलींतील फडताळांत उभ्या रचल्या गेल्या. त्यांत लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या बारा निघाल्या. त्यांची खांच रुंद; तिला सुमारें ७५ मायक्रॉन टोंकाची सुई लागते, आणि आमची अठरांची. त्या बारा वहिनींनीं जुन्या लुगड्यांत गुंडाळून वेगळ्या ठेविल्या आहेत, आणि सुई केव्हां येणार म्हणून पुतण्यास रोज विचारीत असतात.