पहिले पान कोणी लावायचे?

बिलोलीच्या सोयाबीन उत्पादकाला रोज सकाळी काही मोजक्या गोष्टी कळाव्या लागतात: लातूर बाजार समितीतील भाव, हवामान विभागाचा अंदाज, गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याची स्थिती आणि शासकीय खरेदीविषयीचे निर्णय. इंटरनेटवर त्या विखुरलेल्या असतात. त्या एका पानावर आणण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. 1999 साली नेटस्केपने आपल्या मुखपृष्ठासाठी आरएसएस ही पद्धत आणली. जे संकेतस्थळ ताज्या मजकुराची यादी, म्हणजेच फीड, खुली ठेवी, त्याची नवी नोंद वाचकाने निवडलेल्या जागी आपोआप येऊन पडे. 2005 मध्ये गूगलने असेच पान सुरू केले. पुढे आयगूगल या नावाने ते परिचित झाले. बातम्या, हवामान, दिनदर्शिका, टपाल हे सारे त्यावर आपल्या पसंतीने मांडता येई. 1 नोव्हेंबर 2013 रोजी ते बंद झाले. ॲपच्या युगात अशा पानाची गरज ओसरली, हे कंपनीचे कारण. गूगल रीडर त्याच वर्षीच्या जुलैत गेला होता.

गरज ओसरली हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला सहजी पटणारे नाही. माहितीच्या विपुलतेतून लक्षाचा तुटवडा निर्माण होतो, असे हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच मांडले होते. आणि तुटवड्याच्या वस्तूला व्यापारी मिळतोच. स्वतः लावलेले पान मागितले तेवढे दाखवून थांबते. मोबाइलवर सरकणारे पान थांबत नाही, आणि भावाच्या आकड्याआधी काय यावे हे तेथे आपण ठरवीत नाही. तराजूही खरेदीदाराच्याच हाती असावा, त्यातला हा प्रकार!

2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे 5,328 रुपये ठरला. बाजारभाव त्याखाली असताना माल विकावा की सरकारी खरेदीसाठी थांबावे, हे नोंदणीच्या तारखेवर अवलंबून असते. ती तारीख करमणुकीच्या चित्रफितींखाली दडली, तर तोटा कंपनीला सोसावा लागत नाही.

आरएसएस अद्याप जिवंत आहे. रिझर्व्ह बँक व पत्र सूचना कार्यालय यांनी असे फीड दिले आहेत. फीडलीसारख्या वाचकयंत्रात ते एकत्र करता येतात, आणि उद्या तीही सेवा बंद पडली तर आपली यादी फाइलमध्ये घेऊन दुसरीकडे नेता येते. पणन मंडळ, जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी भाव, पाणीसाठा व खरेदीच्या तारखा याच स्वरूपात, मराठीतून देणे बंधनकारक केले पाहिजे. पान लावण्याचे कष्ट सामान्य माणूस घेणार नाही, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. परंतु तालुक्याच्या वाचनालयातील संगणकावर एखाद्या जाणत्याने ते एकदा लावून दिले, की वर्तमानपत्राच्या फलकाप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येईल.