डोकेदुखीचे खाते

संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती अथवा बाजार समितीच्या अडचणी यांवर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. शालान्त परीक्षेपलीकडे ज्याचे शिक्षण गेले नाही अशा धान्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने वैद्यकीय विषयावर लेखणी उचलावी, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु ज्या दुखण्याने माझ्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे पोखरली आणि ज्याच्यापायी माझ्या हातून एका इमानी माणसाचे नुकसान झाले, त्याविषयी मौन बाळगणे आता उचित वाटत नाही.

बेळगावच्या रविवार पेठेत वडिलांच्या पेढीवर मी बसू लागलो तेव्हा मी पंचविशीत होतो. त्याच सुमारास महिन्यातून दोन-तीन वेळा डोक्याची उजवी बाजू ठणकू लागली. उजेड सोसवत नसे. हमालाने गोणी टाकली की तो आवाज मस्तकात घणासारखा बसे. अन्नाचा वासही नकोसा होई आणि उलटी झाल्यावरच काहीसा आराम पडे. कोणी म्हणे पित्त, कोणी म्हणे नाकाचे हाड वाढले. चष्मा दोनदा बदलला, घरच्यांनी दृष्टही काढली. हे सर्व चालू असताना एक सोपा मार्ग हाताशी होता, तो म्हणजे वेदनाशामक गोळी. गल्ल्याशेजारच्या खणात तिची पाकिटे कायम असत.

आमच्या दिवाणजींचेही डोके दुखे. सकाळी लवकर घर सोडून उपाशी पोटी कीर्द लिहावयास बसणारा तो माणूस. "सावकार, एक गोळी असेल तर पाहा," असे ते म्हणत आणि मी ती मोठ्या औदार्याने देई. हा क्रम कित्येक वर्षे चालला. एके दिवशी हिशेब लिहिता लिहिताच त्यांस भोवळ आली. इस्पितळात नेल्यावर कळले की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होत आहे. डॉक्टरांनी विचारले, "रोज या गोळ्या कोणी दिल्या?" दिवाणजींनी माझ्याकडे पाहिले नाही. "माझ्या मीच घेत होतो," एवढेच ते म्हणाले. रक्ताच्या बाटल्या चढल्या, प्राण वाचले. परंतु ते वाक्य माझ्या नावावर कायमचे नावे पडले आहे.

त्याच डॉक्टरांनी मग मला विचारले, "तुमचे डोके महिन्यातून किती दिवस दुखते? गोळी किती दिवस घेता?" गोदामात तुरीची किती पोती शिल्लक आहेत हे झोपेतून उठवले तरी सांगणारा मी, या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. त्यांनी महिनाभर नोंद ठेवावयास सांगितले: दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या बाजूस, किती वेळ, आदल्या दिवशी झोप व जेवण कसे, कोणती गोळी घेतली. महिनाअखेर मी बेरीज केली. २६ दिवस दुखणे आणि २३ दिवस गोळी! मूळ दुखणे महिन्याला तीन दिवसांचे होते. उरलेले मी स्वतः निर्माण केले होते.

हे कसे घडते ते वाचकांनी लक्षात घ्यावे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस वा अधिक, आणि अनेक औषधांचे मिश्रण असलेल्या गोळ्या १० दिवस वा अधिक, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे. व्यापाऱ्यास हे समजणे अवघड नाही. व्याज भागवण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याचे जे होते, तेच येथे होते. माझ्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पहिले आठ-दहा दिवस फार कठीण गेले. पुढे उतार पडत गेला.

माझे मूळ दुखणे अर्धशिशीचे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'अर्धावभेदक' या नावाने तिचे वर्णन आहे; म्हणजे व्याधी नवी नव्हे. उपचार न केल्यास तिचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. कित्येकांस आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. ती आनुवंशिकही असते. बेंगळूरच्या परिसरात घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तीत दर चार प्रौढांत सुमारे एकास वर्षभरात अर्धशिशी झाल्याचे आढळले. स्त्रियांत ती पुरुषांहून कितीतरी अधिक. आपल्या घरातील सून वा लेक अंधार करून निजली की "कामाच्या वेळीच हिचे डोके दुखते" असे म्हटले जाते. हे वाक्य मीही उच्चारले आहे, आणि ते अन्यायाचे होते.

उपचार दोन प्रकारचे आहेत. एक झटक्याच्या वेळचा: औषध आरंभीच, पुरेशा मात्रेत व मोजक्या दिवशी घ्यावयाचे. झटक्यात जठराचे काम मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही. दुसरा प्रतिबंधाचा: महिन्यात चार वा अधिक दिवस त्रास होत असल्यास प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखे औषध काही महिने रोज द्यावे की काय, हे डॉक्टर ठरवतात. परंतु प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यास चालत नाही, आणि झटक्यावरचे सुमाट्रिप्टान हृदयविकाराच्या रोग्यास चालत नाही. म्हणूनच शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या उपयोगाची नव्हे.

काही डोकेदुखींत मात्र नोंदवही घेऊन बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. क्षणार्धात उसळलेली, पूर्वी कधीच न अनुभवलेली तीव्र वेदना. ज्वर व मान ताठरणे. हातापायांतील शक्ती वा वाचा जाणे. दृष्टी अंधुक होणे. डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर तपासून घ्यावी.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट. पर्युषणात व दशलक्षण पर्वात अनेकांचे डोके उपवासाने दुखते. पूर्ण उपवासात सुमारे ३६ तास अन्न पोटात जात नाही, आणि रोजचा चहा एकाएकी तुटतो. अर्धशिशीच्या रोग्यास या दोन्ही गोष्टी बाधतात. व्रत सोडा असे सांगण्याचा मला अधिकार नाही व तशी इच्छाही नाही. परंतु चहा आठवडाभर आधीपासून कमी करत आणावा, पाणी ज्या वेळी चालते त्या वेळी पुरेसे घ्यावे, आणि ज्यास वारंवार झटके येतात त्याने डॉक्टरांशी आधी बोलून, एकासनावर भागते का, हे पाहावे. पारण्यानंतर मूठभर गोळ्या घेणे हे तपाचे अंग खचित नव्हे.

संघाच्या कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी आरोग्य शिबिर भरवतो. रक्तदाब व साखर मोजून लोक घरी जातात. पुढील शिबिरात महिनाभर आधी नोंदीचा एक साधा तक्ता सभासदांस, दिवाणजींस व हमालांस वाटावा आणि तो भरून आणणाऱ्यांसाठी एक जाणता डॉक्टर बसवावा. खर्च किरकोळ आहे. दुसरे, प्रत्येक पेढीने आपल्या माणसांस जेवणाची वेळ पाळू द्यावी. माझ्या खणातील पाकिटे आता गेली आहेत. तेथे एक वही आहे. तीत गेल्या महिन्यात माझ्या नावावर दोन दिवस आहेत, दिवाणजींच्या नावावर एक. ते आता घरून जेवून अकरा वाजता येतात, आणि कीर्द पूर्वीइतकीच वेळेवर पुरी होते.